देवळालीचे गणितानंद

स्मरणिका समितीने या वर्षी मला विषय दिला तो असा : मंडळातील ज्या मुली व सुना संगणकाचे प्रोग्रॅम लिहावयास शिकत आहेत, किंवा ज्यांची नोकरीच त्यावर आहे, त्यांना उपयोगी पडतील अशा साधनांची माहिती द्यावी. विषय कालोचित आहे यात शंका नाही. आपल्या आळीत पाहिले तरी घराआड एक मुलगी या कामासाठी पुण्याला नाही तर बंगळूरला गेलेली आढळेल. परंतु अशा साधनांची नुसती यादी छापली तर ती पुढच्या वर्धापनदिनापर्यंत शिळी होते. शिवाय यादी कोणी वाचीत नाही, चरित्र वाचतात. म्हणून त्या साधनांपैकी एका अतिशय साध्या साधनाच्या कर्त्याचे चरित्रच सांगावे असे मी ठरविले. या साधनाला वीज लागत नाही, ते विकत घ्यावे लागत नाही, आणि ते जुनेही होत नाही. त्याचा कर्ता आपल्या नाशिकच्या अगदी शेजारी, देवळालीला, शाळेत मास्तर होता. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूस झाला. वडील कारकून होते आणि त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडावयाच्या म्हणजे आकडेमोड आली, व ती मुलाच्या कानावर लहानपणापासून पडत होती. ज्योतिषावर भगिनींचा विश्वास असो वा नसो, त्या घरात आकड्यांची भीती नावाची गोष्ट नव्हती एवढे मात्र त्याने साधले. मुलगा आठ वर्षांचा असताना आई वारली. पुढे शालेय शिक्षण ठाण्यास झाले. तेथेच कोडी सोडविण्याचे वेड लागले, ते जन्मभर सुटले नाही.

१९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. त्याच वर्षाची एक गोष्ट सांगतात. मुंबईपासून तीसएक मैलांवर, त्या वेळच्या जी. आय. पी. रेल्वेवर डेम्लो नावाचे स्टेशन होते. आजचे डोंबिवली ते हेच. या स्टेशनावर त्यांना एक विचार सुचला. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. आकडे पायऱ्या चढून जातात आणि तशाच उतरतात. या जातीच्या संख्यांचा त्यांनी अभ्यास आरंभिला आणि स्टेशनाचेच नाव देऊन त्यांना डेम्लो संख्या म्हटले. गाडीची वाट पाहणारी माणसे त्या स्टेशनावर रोज हजारो उभी असतात. पण स्टेशनाचे नाव गणिताच्या पुस्तकात नेऊन बसविणारा हा एकच.

१९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. विद्यार्थ्याने स्वतःच्या बुद्धीने केलेल्या गणितातील नव्या कामाबद्दल ते दिले जाई. रँग्लर परांजपे म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ साली सर्वांत वरचे स्थान मिळविणारे पहिले भारतीय. तेव्हा त्यांच्या नावाचे पारितोषिक हा काही लहान मान नव्हता. १९२९ साली कापरेकर मुंबई विद्यापीठाचे बी. एस्सी. झाले. त्यापुढची पदवी त्यांनी घेतली नाही. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्यांच्या वाट्याला जी उपेक्षा आली तिचे मूळ पुष्कळसे येथे आहे.

१९३० च्या सुमारास ते देवळालीस गणिताचे शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. बत्तीस वर्षे एकाच गावी, एकाच पेशात. या गावाची एक मौज सांगते. इंग्रजांच्या काळी देवळालीस लष्कराची मोठी छावणी होती. मुदत संपलेले गोरे सोजीर मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत येथे महिनोन्‌महिने पडून असत आणि उन्हाने व रिकामपणाने त्यांची डोकी फिरत. त्यावरून डोके फिरलेल्या माणसाला इंग्रजीत डूलाली म्हणावयाची रूढी पडली. हा शब्द म्हणजे आपले देवळालीच. अशा गावात एक मास्तर सायंकाळी कागद घेऊन आकड्यांची उलटापालट करीत बसतो, तेव्हा लोक त्याला काय समजत असतील याची कल्पना करावी. त्यांना गणितानंद हे नाव पडले. त्यात कौतुक होते तशी थोडी थट्टाही असावी असे मला वाटते.

आता ते साधन. कोणतीही चार आकडी संख्या घ्या. चारही आकडे सारखे मात्र नकोत. तिचे आकडे मोठ्याकडून लहानाकडे असे लावा, मग लहानाकडून मोठ्याकडे असे लावा, आणि मोठीतून धाकटी वजा करा. जी बाकी येईल तिच्यावर पुन्हा हेच करा. असे करीत गेल्यास फार तर सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ या संख्येवर येऊन थांबता. थांबता म्हणण्याचे कारण असे की ६१७४ वर हीच क्रिया केली, म्हणजे ७६४१ मधून १४६७ वजा केले, तर पुन्हा ६१७४ च येते.

कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊन पाहू. १९०५. आकडे लावून ९५१० वजा ०१५९, बाकी ९३५१. पुढे ९५३१ वजा १३५९, बाकी ८१७२. मग ८७२१ वजा १२७८, बाकी ७४४३. ७४४३ वजा ३४४७, बाकी ३९९६. ९९६३ वजा ३६९९, बाकी ६२६४. ६६४२ वजा २४६६, बाकी ४१७६. आणि ७६४१ वजा १४६७, बाकी ६१७४. बरोबर सात वजाबाक्या झाल्या. या मास्तरांचे जन्मवर्षदेखील शेवटच्या पायरीपर्यंत गेल्याशिवाय मुक्कामाला पोचत नाही! तांदूळ निवडताना जवळ पाटी ठेवून कोणीही आपल्या जन्मवर्षावर हे करून पाहावे.

हा शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला, आणि १९५५ साली न्यूयॉर्कहून निघणाऱ्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात त्यावरचा त्यांचा लेख आला. आज जगभर ६१७४ ला कापरेकरांचा स्थिरांक म्हणतात.

याचा उपयोग काय, असे त्या काळी पुष्कळांनी विचारले असेल. पूल बांधावयास तो उपयोगी नाही, रोग बरा करावयास नाही. परंतु संगणक घरोघर आले आणि प्रोग्रॅम लिहिणे ही शिकण्याची विद्या झाली, तेव्हा या मास्तरांच्या वजाबाक्यांना अचानक मोल आले. नवशिक्यांना सरावासाठी जे प्रश्न देतात, त्यांत हा एक ठरलेला झाला आहे. तो का, हे थोडे विस्ताराने सांगते, कारण खरी गंमत तेथेच आहे.

संगणकाला स्वतःची अक्कल नसते. आपण सांगू तेवढेच आणि सांगू तसेच तो करतो. नव्या सुनेला आपण आमटी कर म्हटले की ती डाळ शिजविण्यापासूनचे सारे आपोआप करील; संगणकाला डाळ डब्यातून काढ येथपासून सांगावे लागते. कापरेकरांची क्रिया त्याला सांगावयाची म्हणजे काय काय सांगावे लागते पाहा. संख्येचे आकडे सुटे कर. ते क्रमाने लाव. उलट क्रमाने लाव. वजाबाकी कर. हे सारे पुन्हा पुन्हा कर. आणि ६१७४ आले की थांब. प्रोग्रॅम लिहिण्याच्या विद्येतले पहिले धडे या एका लहानशा प्रश्नात एकत्र आले आहेत, आणि उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे आपले बरोबर आले की चूक, हे विचारावयास कोणाकडे जावे लागत नाही. कशिदा शिकणाऱ्या मुलीला आपण पहिल्याने रुमाल देतो, शालू देत नाही. तसाच हा रुमाल आहे.

त्यात दोन खाचाखोचा आहेत. कोणी १००० ही संख्या घेतली तर १००० वजा ०००१, बाकी येते ९९९. आपण हाताने करताना ती ०९९९ अशी लिहितो आणि पुढे ९९९० मधून ०९९९ वजा करतो. मग ८९९१, ८०८२, ८५३२ असे होत पाचव्या वजाबाकीस ६१७४ येते. संगणक मात्र डावीकडचे शून्य निरर्थक म्हणून टाकून देतो. त्याच्या लेखी ती तीन आकडी संख्या झाली. ९९९ मधून ९९९ गेले, बाकी शून्य, आणि शून्यातून तो कधीच बाहेर येत नाही. शिकणारी मुलगी तासभर डोके धरून बसते. चार घरे नेहमी भरलेली ठेव, कमी पडेल तेथे शून्य लिही, असे त्याला बजावले की काम चालू लागते. दुसरी खोच ११११ सारख्या संख्यांची. तेथे पहिल्याच वजाबाकीला शून्य येते, ६१७४ कधी येत नाही, आणि संगणक बिचारा थांबण्याचा हुकूम नसल्याने शून्यातून शून्य वजा करीत राहतो. तेव्हा कोणत्या संख्या आरंभीच परत पाठवावयाच्या हेही सांगावे लागते. पैशांचे व्यवहार सांभाळणारे मोठमोठे प्रोग्रॅमदेखील अशाच दोन गोष्टींवर अडतात : विसरलेले शून्य आणि न सांगितलेला शेवट.

चार आकडी संख्या एकंदर ९०००. त्यांतून ११११, २२२२ अशा नऊ वगळल्या तर ८९९१ उरतात. संगणक या साऱ्या पापणी लवण्याच्या आत तपासतो. परंतु थोडे बीजगणित केले तर इतका खटाटोपही लागत नाही. चार आकड्यांतील सर्वांत मोठ्यातून सर्वांत लहान वजा करून येणाऱ्या अंकाला ९९९ ने गुणा, मधल्या दोहोंच्या फरकाला ९० ने गुणा, व बेरीज करा. पहिल्या वजाबाकीची बाकी तीच. म्हणजे पहिल्या पायरीनंतर फार तर ५४ निरनिराळ्या बाक्या शक्य आहेत. तेवढ्या तपासल्या की सगळ्या ८९९१ तपासल्यासारख्या झाल्या, आणि ५४ तर आपण वहीवरसुद्धा तपासू. आधी विचार करून यंत्राचे काम कमी करणे ही या धंद्यातली खरी हुशारी आहे असे जाणकार सांगतात. मला स्वतःला या प्रश्नातला हा भाग सर्वांत आवडतो.

येथे एक सांगितले पाहिजे. ६१७४ विषयी हल्ली फोनवर नाना तऱ्हेचे मजकूर फिरतात. ती दैवी संख्या आहे, तिच्यात विश्वाचे रहस्य आहे, वगैरे. तसे काही नाही. तीन आकडी संख्यांवर हीच क्रिया केली तर ४९५ येते. दोन आकडी संख्यांत एक मुक्काम मिळतच नाही. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असे रिंगण होते. पाच आकडीतही रिंगणेच आहेत. आपण आकडे दहांच्या हिशेबाने लिहितो त्यातून हे सारे निघते. चमत्कार नाही म्हणून गोडी कमी होते असे मात्र मला वाटत नाही.

कापरेकरांचे काम एवढ्यावर थांबले नाही. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन भाग केले तर बेरीज पुन्हा ४५. ५५ चा वर्ग ३०२५. ३० आणि २५ मिळून ५५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. ज्या संख्येला तिच्याच आकड्यांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, तिला त्यांनी हर्षद असे नाव दिले. हर्ष देणारी ती हर्षद. त्यांना संस्कृतची आवड होती ती येथे दिसते. रामानुजनांच्या गोष्टीमुळे प्रसिद्ध झालेली १७२९ ही हर्षदच आहे. तिच्या आकड्यांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९.

स्वयंभू संख्या हा त्यांचा आणखी एक शोध. २१ मध्ये तिचे आकडे, म्हणजे २ आणि १ मिळविले की २४ होतात. म्हणून २१ ही २४ ची जननी. काही संख्यांना दोन जननी असतात. १०१ ही ९१ पासूनही निघते आणि १०० पासूनही. आणि काहींना जननीच नसते : १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३. त्या स्वयंभू. या शोधायच्या कशा? एकेक संख्या घेऊन तिची जननी धुंडाळीत बसले तर वेळ फार जातो. त्यापेक्षा उलटे करावे. सर्व संख्यांची यादी करावी, प्रत्येकीपासून जी निघते तिच्यावर खूण करीत जावे, आणि शेवटी बिनखुणेच्या उरतील त्या स्वयंभू. हळदीकुंकवाची आमंत्रणे पोचली तशी नावापुढे खूण करीत गेल्यावर राहिलेल्या घरांकडे जसे आपण पुन्हा जातो, तसेच हे. नवशिक्यांना प्रश्न उलटा करून पाहण्याचा हा धडाही कापरेकरांच्याच पाटीवरून मिळतो. या संख्या पुढे १९७० नंतरच्या काळात कोलंबियातील एका गणितज्ञाच्या प्रश्नावरून कोलंबियन संख्या म्हणूनही प्रसिद्ध झाल्या. परंतु कित्येक ठिकाणी त्यांना देवळाली संख्या असे म्हटलेले आढळते, आणि ते वाचताना मला बरे वाटते.

हे सगळे करणाऱ्या माणसाची प्राप्ती शाळामास्तराची होती. लहानलहान पुस्तिका ते स्वखर्चाने छापीत. डेम्लो संख्यांवरची पुस्तिका १९४८ ची, स्वयंभू संख्यांवरची १९५९ व १९६३ ची. छापखान्याचे बिल पगारातून जावयाचे म्हटल्यावर त्या घरात महिन्याचा मेळ कोण बसवीत असेल, हे भगिनींना सांगावयास नको. गणित परिषदांना ते जात, आपले आकडे मांडीत, आणि विद्यापीठांतले पुष्कळ विद्वान ते मनावर घेत नसत. ही मुलांची करमणूक आहे, गणित नव्हे, असा त्यांचा भाव असे. विद्वानांची बाजू अगदीच खोटी होती असे मी म्हणणार नाही. गणिताचे मोठे सिद्धांत निराळे असतात, आणि कापरेकरांचे काम त्या जातीचे नव्हते. पण हसण्याचे कारण नव्हते.

१९६२ साली ते निवृत्त झाले. १९६६ साली पत्नी निवर्तल्या. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून त्यांना गणिताच्या व विज्ञानाच्या शिकवण्या कराव्या लागल्या. ज्यांच्या नावाची संख्या पुढे जगभरच्या विद्यार्थ्यांना पाठ व्हावयाची होती, ते गृहस्थ साठी उलटल्यावर पोटासाठी शिकवण्या घेत होते. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतील सायंटिफिक अमेरिकन मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणिती करमणुकींच्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले. गार्डनरांचे सदर देशोदेशी वाचले जाई. त्यानंतर बाहेरचे लोक विचारू लागले, आणि बाहेरचे विचारू लागले म्हणून आपल्याकडचेही. त्या वेळी कापरेकर सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली ते वारले. संगणक आपल्या घरांत यावयास तेव्हा अजून अवकाश होता. आपल्या वजाबाक्या ते यंत्र कसे धडाधड करते हे घरोघर पाहण्याचा योग त्यांना आला नाही.

आता समितीने सांगितलेली माहितीही देऊन टाकते. ज्यांना हे करून पाहावयाचे असेल त्यांनी पायथन भाषा घ्यावी. गिडो व्हॅन रॉसम या डच गृहस्थांनी ती १९९१ साली लोकांपुढे ठेवली. ती फुकट मिळते, आणि कापरेकरांची क्रिया तीत दहाबारा ओळींत बसते. नील स्लोन यांनी १९६४ पासून संख्यांच्या मालिका जमविण्यास आरंभ केला, १९७३ साली त्यांचे पुस्तक काढले व १९९६ पासून तो संग्रह इंटरनेटवर सर्वांना खुला झाला. पूर्णांक मालिकांचा हा ज्ञानकोश आहे. आपल्या प्रोग्रॅममधून निघालेले पहिले पाचसहा आकडे तेथे लिहिले की ती मालिका कोणती हे तो सांगतो. कापरेकर संख्या, हर्षद संख्या, स्वयंभू संख्या या तिन्ही तेथे नोंदलेल्या आहेत. रोझेटा कोड हे २००७ साली सुरू झालेले दुसरे ठिकाण. तेथे एकच प्रश्न अनेक संगणकभाषांत सोडवून शेजारी शेजारी मांडलेला असतो. एकच गोष्ट मराठीत, गुजरातीत व कानडीत वाचावी तसे ते आहे. एक भाषा येत असली की दुसरी तेथे लवकर कळते. त्यातही कापरेकर व हर्षद संख्यांचे प्रश्न आहेत. मात्र तेथले उत्तर आधी पाहू नये. आधी ११११ ला काय करावयाचे ते आपले आपण ठरवावे, १००० घालून पाहावे, आणि मगच ते पान उघडावे.